निघोजचे रांजणखळगे : शालेय सहलीचा एक पाठ

प्राथमिक शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात सहलीला मानाचे स्थान आहे. तथापि सहलीहून परतल्यावर विद्यार्थ्यांनी काय आणले, याचा विचार केला तर पुष्कळदा निराशा पदरी येते. गाडीतील गाणी, डब्यातील खाऊ आणि काठावर काढलेली छायाचित्रे एवढीच शिदोरी उरते. स्थळ पाहिले जाते, परंतु स्थळ वाचले जात नाही. निसर्गातील एखादी वस्तू अशी का झाली, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उठावा व त्याचे उत्तर शक्यतो त्यानेच आपल्या डोळ्यांनी शोधावे, हा सहलीचा खरा हेतू होय. या हेतूस अत्यंत अनुकूल असे एक स्थळ कुकडी नदीच्या पात्रात निघोज येथे आहे. त्याची माहिती, त्यामागील कारणमीमांसा आणि तेथील सहलीची आखणी यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्थळाचा परिचय

निघोज हे गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात आहे. (या जिल्ह्याचे पूर्वीचे अहमदनगर हे नाव २०२४ साली बदलण्यात आले.) गावाजवळून कुकडी नदी वाहते. नदीच्या अलीकडे पारनेर तालुका, तर पलीकडे पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याचे टाकळी हाजी हे गाव. अशा रीतीने येथे नदी हीच दोन जिल्ह्यांची सीमा झाली आहे. दोन्ही तीरांवर मळगंगा देवीची मंदिरे आहेत व चैत्र महिन्यात देवीची मोठी यात्रा भरते. पुणे–अहिल्यानगर मार्गावरील शिरूर येथून निघोजला जाण्यास रस्ता असून हे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे.

कुकडीचा उगम जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या परिसरात, कुकडेश्वराजवळ होतो. सह्याद्रीच्या माथ्यावरून निघून ती पूर्वेकडे वाहते, पुढे घोड नदीस मिळते, घोड भीमेस मिळते व भीमा कृष्णेस. म्हणजे पश्चिम समुद्रापासून फारशा दूर नसलेल्या डोंगरात पडलेले पावसाचे पाणी सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराकडे जाते. हा प्रवास सहलीपूर्वी नकाशावर बोट फिरवून विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा.

एरवी दख्खनच्या पठारावरील नद्यांप्रमाणे कुकडीचे पात्रही रुंद व उथळ आहे. निघोजच्या कुंडाजवळ मात्र तिचे रूप एकाएकी पालटते. काळ्याभोर कातळाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडलेला दिसतो, आणि त्या कातळात खोल गेलेल्या अरुंद घळीतून नदी वाट काढते. घळीच्या दोन्ही भिंती आणि भोवतालचा कातळ असंख्य खळग्यांनी भरलेला आहे. काही खळगे वाटीएवढे, काही घागरीएवढे, तर काही इतके मोठे की त्यांत अनेक माणसे उभी राहू शकतील. कित्येकांचे तोंड लहान व पोट मोठे असल्यामुळे ते जमिनीत पुरलेल्या रांजणासारखे दिसतात. त्यावरूनच त्यांस ‘रांजणखळगे’ हे नाव मिळाले. हल्लीच्या मुलांपैकी अनेकांनी घरात रांजण पाहिलेला नसतो. म्हणून गावात जुना रांजण कोठे असल्यास तो आधी दाखवावा, म्हणजे नावाचे मर्म त्यांस उमगेल.

कातळ कोठून आला?

खळगे समजून घेण्यापूर्वी ज्या कातळात ते पडले तो समजून घेतला पाहिजे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठास पडलेल्या लांबलांब भेगांतून तप्त लाव्हारस बाहेर आला व दूरवर पसरून थिजला. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे थर साचत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला असून महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते याच कारणाने. या खडकास बेसॉल्ट म्हणतात. घराचा पाया, जाते, पाटा-वरवंटा आणि रस्त्याची खडी या सर्वांत विद्यार्थ्यांनी तो पाहिलेला असतोच.

लाव्हारस थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे आत अडकून राहिले. कालांतराने त्या लहान पोकळ्यांत निरनिराळी खनिजे साचली. काही पांढरी व ठिसूळ, तर काही गारगोटीच्या जातीची व अत्यंत कठीण. ही गारगोटी बेसॉल्टपेक्षाही कठीण असते. खडक झिजून फुटला की गारगोटीचे तुकडे सुटे होतात आणि नदीच्या वाळूत व गोट्यांत मिसळतात. हा तपशील लहान वाटला तरी ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढील विवेचनात त्याचा उपयोग होणार आहे.

तीन तर्क व त्यांची पारख

खळगे पाहिल्यावर विद्यार्थी आपापले तर्क सांगू लागतात. शिक्षकांनी उत्तर देण्याची घाई न करता हे तर्क फळ्यावर वा वहीत लिहून घ्यावेत. बहुधा तीन तर्क पुढे येतात.

पहिला तर्क असा की, हे खळगे माणसांनी कोरले असावेत. हा तर्क मुळीच हास्यास्पद नाही. कुकडीच्या उगमाकडील नाणेघाटात व जुन्नरच्या लेण्यांजवळ प्राचीन काळी माणसांनी याच जातीच्या कातळात पाण्याची टाकी कोरलेली आहेत. मग निघोजचे खळगे तसेच कशावरून नाहीत? पारख करण्याचा मार्ग सोपा आहे. माणसाने कोरलेल्या टाक्याच्या कडा बहुधा सरळ व कोपरे काटकोनात असतात, आणि भिंतींवर छिन्नीचे घाव दिसतात. निघोजच्या खळग्यात कोपरा नाही, घाव नाही. तेथे सर्वत्र गोलाई आहे आणि हात फिरविल्यास भिंत घासून गुळगुळीत केल्यासारखी लागते. काही भिंतींवर मळसूत्रासारखे वळत गेलेले पन्हळ दिसतात. छिन्नी ठोकते, घासत नाही. येथे मात्र काहीतरी गोल गोल फिरून घासत होते, हे भिंतच सांगते.

दुसरा तर्क असा की, लाव्हारसातील बुडबुडे फुटून हे खळगे झाले असावेत. या तर्काचीही पारख करता येते. बुडबुड्यांच्या पोकळ्या खडकाच्या अंतर्भागातही असतात, दगड फोडला तरी त्या सापडतात, आणि त्या सामान्यतः वाटाणा, बोर अशा मापाच्या असतात. रांजणखळगे मात्र पृष्ठभागावरच असून सर्वांची तोंडे वर उघडी आहेत. शिवाय ते नदीच्या पात्रातच आहेत. तीच जातकुळी असलेल्या जवळच्या टेकडीवर ते दिसत नाहीत. अर्थात त्यांचे कारण खडकाच्या जन्मात नसून नदीच्या कामात शोधले पाहिजे.

तिसरा तर्क असा की, पाण्याने कातळ झिजला. हा तर्क सत्याच्या सर्वांत जवळचा आहे, आणि म्हणूनच येथे शिक्षकांनी विशेष सावध राहावे. ‘पाण्याने दगड झिजतो’ हे वाक्य पाठ झाले म्हणजे विद्यार्थ्यास कारण कळले, असे नव्हे. नुसते स्वच्छ पाणी कठीण बेसॉल्टची झीज फारच थोडी करू शकते. तसे नसते तर वाहत्या पाण्याखालचा प्रत्येक कातळ सारखाच झिजला असता व ठिकठिकाणी खळगे पडण्याचे कारण उरले नसते. मग पाण्यासोबत आणखी काय होते?

या प्रश्नाचे उत्तर खळग्याच्या तळाशी पडलेले असते. कोरड्या खळग्यात डोकावून पाहावे. बहुतेकांच्या तळाशी वाळू, बारीक खडे आणि गोल गुळगुळीत गोटे आढळतात. हीच नदीची हत्यारे होत. विद्यार्थ्यांनी ती आपण होऊन पाहावीत व त्यांचा संबंध भिंतीच्या गुळगुळीतपणाशी आपण होऊन जोडावा. सबंध सहलीतील हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. शिक्षकांनी आधीच सांगून टाकल्यास तो हातचा जातो.

खळगा कसा पडतो?

पूर आलेली नदी रुंद पात्रातून अरुंद पात्रात शिरते तेव्हा तिचा वेग वाढतो. कातळाचा तळ सर्वत्र सारखा नसतो. कोठे भेग, कोठे ठिसूळ जागा, तर कोठे निखळलेल्या दगडाचा खाचखळगा असतो. अशा जागेवरून वेगाने जाणारे पाणी सरळ न जाता गरगरते व भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्यात वाळू व गोटे सापडले की ते सहजासहजी बाहेर पडत नाहीत. पाण्याबरोबर फिरत राहून ते तळाला व बाजूंना घासत राहतात. जात्यात वरची तळी फिरते आणि मध्ये सापडलेला दाणा भरडला जातो. येथे पाणी हा हात, गोटा ही तळी, वाळू हा दाणा. परंतु पीठ मात्र दाण्याचे नव्हे, जात्याचेच होते.

खळगा जसजसा खोल जातो तसतसा भोवरा त्यात अधिक स्थिर होतो आणि गोट्यांची कैद अधिक पक्की होते. तळाजवळ घासण्याचे काम जास्त झाल्यास पोट तोंडापेक्षा रुंद होऊन रांजणाचा आकार येतो. या कामात गोटेही झिजतात. कोनदार दगड गोल होतो, गोल गोटा लहान होतो, आणि शेवटी त्याची वाळू होऊन ती वाहून जाते. पुढच्या पुरात नवे दगड येऊन तेच काम पुढे चालू ठेवतात. गारगोटीसारखे कठीण खडे असल्यास काम अधिक होते. कातळाच्याच पोटात जन्मलेली गारगोटी अशा रीतीने कातळाच्याच झिजेस कारण होते.

हे काम बारमाही चालत नाही. वर्षातील बहुतेक दिवस नदी संथ असते, तिच्यात गोटे फिरविण्याची ताकद नसते, आणि खळग्यांत साचलेले पाणी निश्चल असते. खरे काम होते ते पावसाळ्यातील मोठ्या पुरांच्या मोजक्या दिवसांत. हे मोजके दिवस हजारो वर्षे पुन्हा पुन्हा येत राहिले, त्याचा एकत्रित परिणाम आज आपल्यापुढे आहे. विहिरीच्या काठच्या दगडावर सुताच्या दोराने पडलेली खाच ज्या मुलाने पाहिली असेल त्यास हे पटविण्यासाठी फारसे श्रम पडणार नाहीत.

घळ कशी झाली, याचेही उत्तर येथेच आहे. शेजारी शेजारी असलेले दोन खळगे वाढत गेले की त्यांमधील भिंत पातळ होते व एके दिवशी फुटते. दोहोंचा मिळून एक मोठा खळगा होतो. असे अनेक खळगे एकमेकांस मिळाले की त्यांची माळ लागते, आणि त्या माळेतून नदी आपले पात्र खोल करीत जाते. घळीच्या भिंतींकडे नीट पाहिल्यास अर्धे रांजण उभे चिरून ठेवल्यासारखे बाक दिसतात. ते जुन्या, फुटलेल्या खळग्यांचे अवशेष होत.

यामुळे निघोजचे पात्र हे अपूर्व असे प्रदर्शन झाले आहे. वाटीएवढा बाल खळगा, घागरीएवढा वाढता खळगा, पूर्ण रांजण, दोहोंचा झालेला एक, आणि घळीत विलीन झालेला जुना खळगा, या साऱ्या अवस्था एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात. ज्या बदलास हजारो वर्षे लागली तो कोणासही डोळ्यांसमोर घडताना पाहता येणार नाही; परंतु त्याच्या निरनिराळ्या पायऱ्या शेजारी शेजारी पाहून क्रम लावता येतो. एकाच गावातील बाळ, कुमार, तरुण आणि वृद्ध पाहून माणसाचे आयुष्य जसे समजते, तसेच हे आहे. क्रम लावण्याची ही रीत विद्यार्थ्यास येथे साधली तर ती पुढे त्यास अनेक विषयांत उपयोगी पडेल.

असे खळगे केवळ निघोजलाच आहेत असे नाही. इंद्रायणीच्या पात्रातही ते आढळतात. दक्षिण आफ्रिकेतील ब्लाइड नदीच्या घळीतील खळगे जगप्रसिद्ध आहेत. खडक निराळा असला तरी रीत तीच.

लोकसमजुतींविषयी

खोल कुंडांविषयी गावोगावी समजुती असतात. बाजेचे सुंभ जोडून सोडले तरी तळ लागत नाही, असे अनेक डोहांविषयी सांगितले जाते. देवीच्या सान्निध्यात असलेल्या स्थळाविषयी श्रद्धेच्या कथा असणे तर स्वाभाविकच आहे. एखाद्या विद्यार्थ्याने अशी कथा सांगितल्यास त्याची टर उडविली जाऊ नये. ती कथा त्याने आजीकडून ऐकलेली असते आणि तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही साठलेला असतो. ‘तळ लागत नाही’ या बोलण्याने कित्येक पोरांना पाण्यापासून दूर ठेवले असेल. कथा वहीत वेगळी लिहून घ्यावी, निरीक्षण वेगळे लिहावे, आणि ‘हे आपण ऐकले’ व ‘हे आपण पाहिले’ असे दोन मथळे द्यावेत. श्रद्धेचा अवमान न करता विचाराची शिस्त लावण्याचा हा साधा मार्ग आहे. मंदिराच्या आवारात तेथील शिस्त पाळावी, हे सांगणे नकोच.

सहलीपूर्वीची तयारी

सहल इयत्ता चौथी व त्यापुढील वर्गांसाठी योजावी. त्याहून लहान मुलांना या स्थळी नेणे इष्ट नाही. पौष ते फाल्गुन हा काळ उत्तम. त्या वेळी पाणी कमी व ऊन सौम्य असते. उन्हाळ्यात काळा कातळ दुपारपूर्वीच तापतो. पावसाळ्यात सहल मुळीच योजू नये. यात्रेचे दिवसही टाळावेत, कारण गर्दीत ना निरीक्षण होते ना मुलांवर लक्ष राहते.

निघण्यापूर्वी वर्गात एक प्रयोग करावा. भाजलेल्या विटेचे दोन तुकडे घ्यावेत. एकावर थोडे पाणी घालून बोटाने एकाच जागी दोनशे वेळा गोल घासावे. दुसऱ्यावर पाणी व चिमूटभर वाळू घालून गुळगुळीत गोट्याने तितक्याच वेळा घासावे. पहिल्या विटेवर जवळजवळ काहीच खूण उरत नाही. दुसरीवर उथळ वाटी पडते व तांबडा गाळ जमतो. हा प्रयोग करून घ्यावा, परंतु त्याचा निघोजशी संबंध सांगू नये. तो विद्यार्थ्यांस कातळावर उभे असताना आपोआप आठवला पाहिजे.

मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व पालकांची लेखी संमती घ्यावी. दहा विद्यार्थ्यांमागे निदान एक प्रौढ व्यक्ती सोबत असावी. प्रथमोपचाराची पेटी व लांब मजबूत दोर बरोबर असावा. पायांत न घसरणारी पादत्राणे असावीत.

सुरक्षिततेविषयी विशेष सूचना

या भागाकडे शिक्षकांनी सर्वाधिक लक्ष द्यावे. निघोजचे कुंड सुंदर आहे, तितकेच ते धोक्याचेही आहे. ज्या कारणांनी खळगा घडला त्याच कारणांनी तो घातक झाला आहे. त्याची भिंत गुळगुळीत, म्हणून हाताला पकड नाही. त्याचे पोट रुंद व तोंड अरुंद, म्हणून वर चढण्यास आधार नाही. पाण्यालगतचा कातळ शेवाळलेला, म्हणून पाय ठरत नाही. नदीकाठच्या मुलांना पोहता येते व त्याचा त्यांस अभिमानही असतो, परंतु विहिरीत वा डोहात पोहण्याचे कौशल्य अशा खळग्यात पुरे पडत नाही. यास्तव पाण्यात उतरण्यास कोणासही, पोहणाऱ्यासही, परवानगी नाही, हा नियम गाडीत बसण्यापूर्वीच सांगावा आणि त्याचे कारणही सांगावे. कारण कळलेला नियम मुले अधिक पाळतात.

दुसरी गोष्ट पाणी वाढण्याची. निघोजला आभाळ निरभ्र असले म्हणजे नदी निर्धोक आहे, असे मानू नये. कुकडीवर वरच्या बाजूस माणिकडोह व येडगाव ही धरणे आहेत. शेतीच्या आवर्तनासाठी अथवा बंधारे भरण्यासाठी नदीत पाणी सोडले गेल्यास कोरड्या दिवसांतही पातळी वाढते. अरुंद घळीत ती वाढ लवकर जाणवते. म्हणून सहलीची तारीख ठरविताना पाटबंधारे कार्यालयाकडे व गावातील ग्रामपंचायतीकडे चौकशी करावी. प्रत्यक्ष स्थळी पाणी गढूळ होऊ लागले, काडीकचरा वाहू लागला किंवा आवाज वाढला, तर तत्काळ सर्वांना उंच जागी न्यावे. पाठ अर्धा राहिला तरी चालेल.

घळीच्या काठापासून मुलांची रांग निदान दोन-तीन मीटर दूर ठेवावी. मर्यादा खडूच्या रेघेने अथवा दोर ताणून दाखवावी. छायाचित्र काढण्यासाठी मागे मागे सरकण्याची सवय येथे जीवघेणी ठरू शकते. छायाचित्रे शिक्षकांनीच व मर्यादेच्या आतून काढावीत. शिक्षकांच्या हातातील भ्रमणध्वनीसही हाच नियम लागू आहे.

प्रत्यक्ष निरीक्षण

स्थळी पोहोचताच व्याख्यान देऊ नये. प्रथम पंधरा मिनिटे सर्वांनी सुरक्षित जागी बसून केवळ पाहावे. नंतर तीन गट करावेत. पहिल्या गटाने काठापासून दूर असलेल्या, कोरड्या व लहान अशा दहा खळग्यांचे तोंड दोरीने व खोली काठीने मोजून तक्ता करावा. दुसऱ्या गटाने त्याच खळग्यांच्या तळाशी काय आहे ते नोंदवावे. माती, वाळू, कोनदार खडे, गोल गोटे की काहीच नाही? तिसऱ्या गटाने निरनिराळ्या आकारांची चित्रे काढून ती लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावावीत. पाणी साचलेल्या खळग्यात हात घालू नये.

त्यानंतर गट एकत्र आणून पुढील प्रश्न विचारावेत. भिंत गुळगुळीत का? गोटे गोल का? नुकताच टेकडीवरून पडलेला दगड असा गोल असतो का? दोन खळग्यांमधील भिंत पातळ झाली तर पुढे काय होईल? आज पाणी हलत नाही, मग काम केव्हा झाले असेल? एवढ्या प्रश्नांत बहुतेक वर्ग स्वतःच उत्तरापर्यंत पोहोचतो. उत्तर चुकले तरी ते कोणत्या निरीक्षणाशी जुळत नाही एवढेच दाखवावे.

परतताना मुलांचे खिसे गोट्यांनी भरलेले असतात. हा मोह स्वाभाविक आहे, परंतु येथे तो आवरावयास शिकविले पाहिजे. खळग्यातील गोटा उचलणे म्हणजे कारागिराच्या हातातील हत्यार उचलून नेण्यासारखे आहे. एका मुलाने एक गोटा नेला तर काही बिघडत नाही, परंतु येथे येणाऱ्या प्रत्येकाने तसे केले तर काय होईल, याचे गणित वर्गाकडूनच करवून घ्यावे. त्याचप्रमाणे कातळावर नाव लिहू नये व प्लास्टिकची पिशवी वा बाटली मागे टाकू नये. खळग्यात पडलेला कचरा वाऱ्याने निघून जात नाही, तेथेच साचतो.

सहलीनंतर

दुसऱ्या दिवशी वर्गात तक्ते पुरे करून घ्यावेत. गणिताच्या तासाला खळग्यांच्या रुंदीची सरासरी काढता येईल. भाषेच्या तासाला खळगा, डोह, कुंड, घळ, कातळ, भोवरा, गोटा, गाळ या शब्दांतील भेद स्पष्ट करून प्रत्येकाचे वाक्य लिहून घ्यावे. घरच्या वडीलधाऱ्यांकडून नदीविषयीचे आणखी शब्द मिळवून आणण्यास सांगावे. परिसर अभ्यासात विटेच्या प्रयोगाची आठवण करून द्यावी व ‘नदीने दगड कसा कोरला?’ या विषयावर दहा ओळी लिहून घ्याव्यात. ज्या विद्यार्थ्याच्या दहा ओळींत गोट्यांचा उल्लेख नाही त्याने स्थळ पाहिले, परंतु कारण पाहिले नाही, असे समजावे व त्याला तळाशी काय दिसले होते हे पुन्हा विचारावे.

दूरच्या शाळांसाठी

सर्वच शाळांना निघोजपर्यंत जाणे परवडणारे नाही. खर्च व अंतर या अडचणी खऱ्या आहेत. परंतु जेथे ओढा कातळावरून वाहतो अशा पुष्कळ ठिकाणी वाटीएवढे, तांब्याएवढे खळगे सापडतात. उन्हाळ्यापूर्वी कोरडा पडलेला गावचा ओढा या पाठास पुरेसा आहे. तेथे दृश्य भव्य नसेल, पण लहान खळग्याच्या तळाशीही वाळू आणि दोन-चार गोल खडे असतील, भिंत गुळगुळीत असेल, आणि प्रश्न तोच असेल. ओढ्याकाठी हा पाठ ज्याने घेतला तो विद्यार्थी पुढे कधी निघोजला गेला, तर त्यास तेथे कोणी काही सांगण्याची आवश्यकता राहणार नाही. शिक्षकांनी आपल्या गावाच्या शिवारातील अशी जागा प्रथम स्वतः पाहून ठेवावी, तिची नोंद शाळेच्या सहल-वहीत करावी, आणि केंद्रातील इतर शाळांनाही कळवावी.